पाण्याची राखण

नळीत पाणी घेतलं, क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे चार थेंब टाकले, टोपण लावून नळी हलवली आणि पांढऱ्या भिंतीसमोर धरली. पाणी पिवळसर व्हायला हवं होतं, पण त्याला रंगच आला नाही. म्हणजे क्लोरीन शून्य. एप्रिलचा पहिला आठवडा होता, सकाळचे सहा वाजले होते, आणि नोएडातल्या आमच्या सोसायटीचा पंधरा मीटर लांब, सात मीटर रुंद स्विमिंग पूल माझ्यापुढे हिरवाजर्द होऊन पडला होता. पायरीवर हात फिरवला तर बोटांना शेवाळाची बुळबुळ लागली. हे पाणी आता माझ्या हवाली होतं.

आदल्या वर्षी हे काम एका एजन्सीकडे होतं. ऑगस्टमध्ये तिचं लक्ष उडालं. पाणी दुधाळ झालं, मुलांचे डोळे चुरचुरू लागले, फोन कुणी उचलेना. मार्चमध्ये असोसिएशनच्या सभेत नव्या एजन्सीचं दरपत्रक वाचून दाखवलं, तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "अपना पूल है, खुद देख लेंगे." जीवरक्षक पगारी हवा, यावर वाद नव्हता. पाण्याचं मात्र आपणच बघू, असं ठरलं. मी हात वर केला. चौतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे क्लोरीनची मला भीती नव्हती. शिवाय पाणी राखणं म्हणजे काय, हे मी लहानपणी जवळून पाहिलं होतं.

इथे सगळे 'पूल' म्हणतात. मी पुण्यात टिळक तलावावर पोहलेली, त्यामुळे माझ्या तोंडी तलाव हाच शब्द आहे. आणि त्याहीआधी विहीर. आजोळी, जुन्नर तालुक्यात, मळ्यातल्या विहिरीत मामाने माझ्या पाठीला वाळलेला भोपळा बांधून मला पाण्यात ढकललं होतं. ती विहीर आम्हा मुलांना पोहण्याची जागा वाटायची, घरच्या मोठ्यांना ती कामाची जागा होती. वैशाखात पाणी तळाला गेलं की गाळ काढायचा दिवस ठरे. त्या दिवशी कुणालाही खाली उतरू देण्याआधी आजोबा दोराला पेटता कंदील बांधत आणि तो सावकाश आत सोडत. आम्ही काठावर पालथे पडून बघायचो. ज्योत तळापर्यंत तेवत राहिली तर माणूस उतरे. ती मंदावली किंवा विझली तर खाली कोंदट हवा साचलीय असं समजायचं. मग दोराला निंबाच्या डहाळ्या बांधून वरखाली करायच्या, वरून घागरी ओतायच्या आणि पुन्हा कंदील सोडायचा. एके वर्षी यात अर्धी सकाळ गेली, तरी आजोबांनी घाई केली नाही. गाळ काढणारे वर आले की घरच्या पंक्तीत पुरणपोळी जेवायचे. तो काळा, चिकट गाळ शेतात जायचा.

ओटीची नळीही मला नवी नव्हती. अजूनही गावी गेलं की ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीपाशी हीच परीक्षा करताना दिसतो. तो बादलीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर कालवतो, चुना खाली बसू देतो, वरचं पाणी टाकीत सोडतो आणि अर्ध्या तासाने नळाच्या पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग बघतो. जुन्नरच्या टाकीची आणि नोएडाच्या निळ्या फरशीची पारख एकाच थेंबावर होते, याचा मला त्या सकाळी धीर वाटला.

पहिला आठवडा शेवाळ काढण्यात गेला. आमच्या तलावात १ लाख २६ हजार लिटर पाणी मावतं. त्यात क्लोरीन १ पीपीएमने वाढवायचा, म्हणजे दर लिटरला एक मिलिग्रॅम, तर ६५ टक्क्यांची कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर सुमारे २०० ग्रॅम लागते. हिरव्या पाण्याला दहापट घातली, दोन किलो, आणि तीही सूर्य मावळल्यावर. भर उन्हात मोकळा क्लोरीन दोन तासांत जवळजवळ सगळा उडून जातो. सकाळी घातलेली पावडर ही दुपारच्या उन्हाला दिलेली पावडर. रात्रभर पंप चालवला, दोन दिवस लांब दांड्याच्या ब्रशाने भिंती घासल्या, मग तुरटी सोडून पंप बंद केला. आजी रांजणात निवळीचं बी उगाळून घालायची, कधी तुरटीचा खडा फिरवायची. तेच इथे पोत्याने. सकाळी तळाशी राखाडी साय बसलेली होती. ती व्हॅक्यूमच्या नळीने हलक्या हाताने ओढून बाहेर टाकली. जरा झटका बसला की साय उधळते आणि सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. आठव्या दिवशी खोल टोकाच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली, तिच्या एकेका फटीसकट. मी तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिले. एवढा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मग रोजची राखण सुरू झाली. आधी सामू, म्हणजे पीएच, बघायचा. सामू ७.५ असेल तर पाण्यातला निम्मा क्लोरीन जंतू मारण्याच्या रूपात असतो. तोच ८ वर गेला की हा वाटा चौथ्या हिश्श्यावर येतो. नळीत रंग तेवढाच पिवळा दिसतो, पाणी मात्र दुबळं झालेलं असतं. आमच्याकडे गंगेच्या कालव्याचं पाणी आणि जमिनीखालचं जड पाणी यांची मिसळ येते. सामू सारखा वर चढतो, फरशीच्या सांध्यांवर पांढरी खपली धरते. सामू खाली आणायला हायड्रोक्लोरिक ॲसिड, थोडं थोडं, आणि नेहमी पाण्यात ॲसिड. ॲसिडात पाणी कधीही ओतायचं नाही.

वासाची गोष्ट तर प्रत्येक पोहणाऱ्याला सांगावीशी वाटते. तलावाला उग्र वास आला की लोक म्हणतात, आज क्लोरीन फार पडला. खरं तर तो वास क्लोरामाइनचा असतो. घाम आणि लघवी यांच्याशी झगडून थकलेला क्लोरीन तसा वास सोडतो. डोळे झोंबतात तेही त्यानेच. अशा वेळी क्लोरीन कमी करून चालत नाही, वाढवावा लागतो, आणि तलाव एक रात्र मोकळा ठेवावा लागतो. पोहण्याआधी सगळ्यांनी अंगावर साबण लावून नीट आंघोळ केली तर निम्मं काम तिथेच होतं. मी हे हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून शॉवरपाशी लावलं. मुलांनी ते मनावर घेतलं, मोठ्यांनी उशिरा.

मे महिन्यात आंधी आली. उत्तरेतलं हे पिवळं वादळ ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. चार वाजता दिवे लावावे लागतात, दात कचकचतात. आणि ती ओसरली की तलावावर चहाच्या रंगाची पातळ पोळी पसरलेली असते. त्या आठवड्यात वाळूचा फिल्टर तीनदा उलटा धुवावा लागला. दर वेळी दोन-अडीच हजार लिटर पाणी जातं. वर उन्हाने रोज सातशे लिटरच्या आसपास वाफ होते, ती वेगळीच. ज्या शहरात जमिनीखालचं पाणी वर्षागणिक खोल जातंय तिथे हे मनाला लागतं. धुण्याचं पाणी आम्ही जुन्या टाकीत एक दिवस उघडं ठेवून कडेच्या झाडांना घालायला लागलो. हे आधी कुणी का केलं नाही, याचं उत्तर सोपं आहे. एजन्सीच्या करारात झाडं नव्हती.

एवढं सगळं माझ्या हातून चांगलं चाललं होतं, म्हणून पुढचं लिहिणं जड जातंय.

तलावाचा पंप, फिल्टर आणि रसायनं तळघरातल्या एका खोलीत आहेत. खिडकी नाही, एक दार, एक पिवळा बल्ब. जूनच्या शेवटी, पहिल्या पावसानंतरच्या दमट संध्याकाळी मी तिथे पावडर मोजत होते. आमच्याकडे क्लोरीनची दोन औषधं होती. एक कॅल्शियम हायपोक्लोराइट, दुसरं टीसीसीए, म्हणजे उन्हात टिकून राहणारं, सावकाश विरघळणारं. ही दोन्ही एकमेकांत कधीही मिसळायची नसतात. दोघांचा चमचासुद्धा वेगळा लागतो. मला हे माहीत होतं. मी हे शिकवलं आहे. त्या दिवशी मी दमले होते, टीसीसीएचा ओलसर चमचा माझ्या हातात होता आणि त्यानेच मी दुसरी पावडर बादलीत घेतली. आधी चर्र असा आवाज आला. मग बादलीचा तळ तापला आणि हिरवट पिवळा धूर वर आला.

मी बाहेर पळाले. बादलीत मूठभरच माल होता, म्हणून निभावलं. तो ड्रम असता तर आग लागली असती. चार दिवस छातीत जाळ होता, जिना चढताना धाप लागे. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्याने हाच क्लोरीन वायू नळकांड्यांतून वाऱ्यावर सोडला होता. वर्गात हा दिवस शिकवताना मी फळ्यावर क्लोरीनचं समीकरण लिहीत असे आणि मुलांना सांगे, तो हवेपेक्षा जड असतो, खंदकात उतरून बसतो. आमची पंपरूम जमिनीखाली आहे. तिथे तो जाणार कुठे?

पाचव्या दिवशी दार उघडं टाकून, तोंडाला ओला पंचा बांधून मी पुन्हा आत गेले. तीन महिने रोज जात होते, पण तेव्हा नजर नळीवर आणि काट्यावर असे. आता खोली बघितली. ॲसिडच्या कॅनशेजारचं लोखंडी कपाट गंजून त्याची चाळण झाली होती. पंपाच्या नटांची टोकं खाऊन बोथट झाली होती. दाराची कडी हातात तुकडे होऊन आली. लोखंडाची ही दशा ज्या हवेने केली, त्याच हवेत एक माणूस सहा उन्हाळे रोज दोन-तीन तास काम करत होता. एजन्सीचा 'पूल वाला भैया'. त्याच्या गळ्यात कायम एक गमछा असे आणि तो सारखा खाकरत असे. बिडीमुळे असेल, असं मी ठरवून टाकलं होतं. त्याला बिडी ओढताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

एजन्सी गेली तेव्हा तोही गेला. त्याचा नंबर आमच्या चौकीदाराकडे मिळाला. तो बदायूँ जिल्ह्यातला आहे. पाचवीनंतर शाळा सुटली, मग दिल्लीत एका हॉटेलच्या तलावावर कुणाच्या तरी हाताखाली शिकला. मी फोन केला तेव्हा तो दुसऱ्या सेक्टरमध्ये होता. रविवारी आला. तलावाभोवती एक फेरी मारली, पंपरूमच्या दाराशी थांबून ऐकलं आणि म्हणाला, "आंटीजी, पंप हवा खींच रहा है." मी तीन महिने रोज त्याच पंपाशेजारी उभी होते. मला नेहमीचीच घरघर ऐकू येत होती. त्याने गाळणीच्या झाकणाचा रबर काढून दाखवला, एका जागी केसाएवढी चीर होती. तिथून हवा जात होती, प्रवाह कमी पडत होता, आणि खोल टोकाच्या कोपऱ्यात मला पुन्हा पुन्हा भेटणारं शेवाळ तिथूनच येत होतं. तो कोपरा मी तीन महिने घासत होते.

त्याच्याबरोबर चार रविवार काढले. तो पाणी तिरकं बघतो, सकाळी साडेपाचला, सूर्य फरशीला लागण्याआधी. तेव्हा पाण्यात जी किंचित धूसर झाक दिसते ती तो नळीत रंग उतरायच्या एक दिवस आधी ओळखतो. माझी वही आणि त्याचं बोलणं आम्ही ताडून पाहिलं. चारांपैकी तीनदा त्याचं बरोबर निघालं. चौथ्यांदा वही बरोबर होती. टीसीसीए विरघळताना मागे सायन्युरिक ॲसिड उरतं आणि ते साठत साठत क्लोरीनलाच जखडून ठेवतं. पाणी नितळ दिसतं, नळीत रंगही येतो, जोर मात्र नसतो. हे डोळ्याला दिसत नाही. त्याने ते समजून घेतलं, दोनदा विचारलं, आणि नवीन पाणी किती घालावं लागेल याचा हिशेब स्वतः केला. त्याला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षं त्याच्या हातात ड्रम होता आणि ड्रमवरची माहिती इंग्रजीत होती.

थंडीत काय करतोस, असं विचारलं. तलाव सप्टेंबरअखेर बंद होतो. मग गावी बटाट्याच्या कामाला, नाहीतर इथेच लग्नांच्या मांडवात ताटं उचलायला. एप्रिलमध्ये एजन्सीने बोलावलं तर बोलावलं. "पूल साल भर का है, हम छह महीने के," तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता.

या वाक्याने मी हललेच. कारण तलाव खरोखर बारा महिन्यांचा असतो. ऑक्टोबरात एजन्सीची माणसं गेली की आमचा तलाव तसाच पडून राहायचा, त्यात पानं कुजायची, डासांच्या अळ्या व्हायच्या, आणि एप्रिलमध्ये हिरवं पाणी फेकून सव्वा लाख लिटर नवं भरायचं. पूर्ण उपसून कोरडा ठेवला तर फरश्या तडकतात, सांधे सुटतात. खरी राखण थंडीत होते. आम्ही नेमका त्याच महिन्यांचा पगार वाचवत होतो.

ज्या कालव्याचं पाणी आम्हाला मिळतं तो हरिद्वारहून निघणारा वरचा गंगा कालवा १८५४ सालचा. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला तो बंद करतात आणि दिवाळीपर्यंत त्याचा गाळ काढतात. त्या दिवसांत नोएडाच्या नळांना गंगेचं पाणी कमी येतं, लोक कुरकुरतात. मला मात्र तो बंद कालवा आवडतो. दीडशेहून जास्त वर्षं तो वाहतोय, कारण दरवर्षी कुणीतरी त्यात उतरतं. मोहेंजोदडोचं महास्नानगृहही असंच. १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, जवळजवळ आमच्याच मापाचं. विटा जिप्समच्या गिलाव्यात बसवलेल्या, मागे डांबराचा थर, आणि एका कोपऱ्यात पाणी सोडून द्यायचं भोक. ज्याने ते भोक ठेवलं त्याला ठाऊक होतं की हे पाणी वेळोवेळी सोडावं लागणार, तळ घासावा लागणार. तो तळ घासणाऱ्याचं नाव चार हजार वर्षांत कुठे उरलेलं नाही.

सप्टेंबरच्या सभेत मी बोलले. दोन तट होते. एक म्हणे, आंटीने करून दाखवलं, असंच चालू द्या, पैसे वाचतायत. दुसरा म्हणे, धोका झाला, एजन्सी आणा. मला दोन्ही मान्य नव्हतं. हौसेने पाणी राखता येतं, मी राखलं. पण दमलेल्या संध्याकाळी हौस चमचा चुकवते, आणि पंप हवा ओढतोय हे तिला ऐकू येत नाही. एजन्सी आणली तर पुन्हा तेच. बिलातला तिसरा हिस्साही त्या माणसाच्या हातात पडत नाही, आणि सहा महिन्यांनी तो मांडवात. मी सांगितलं, त्यालाच आपल्या पगारावर घ्या, बारा महिने, भविष्य निर्वाह निधीसकट. पंपरूमला बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा, त्याचं बटण दाराबाहेर ठेवा. हातमोजे, चष्मा, वायूचा मास्क. दोन औषधांच्या दोन खोल्या, दोन रंगांचे दोन चमचे.

"सर्दियों में करेगा क्या?" असं एकांनी विचारलं. मी यादी वाचली. रोज तासभर पंप, आठवड्याला एकदा क्लोरीन, पानं काढणं, अळ्या बघणं, फिल्टरची वाळू बदलणं, फरशीचे सांधे भरणं, पंपाचं तेलपाणी. यादी संपल्यावर मी आजोबांच्या कंदिलाची गोष्ट सांगितली. हिंदीत सांगताना अडखळले. मत पडलं तेव्हा ठराव सात मतांनी पास झाला.

ओटीची नळी मी सोडली नाही. घरचा छोटा तलाव असो की सोसायटीचा मोठा, कामाला माणूस ठेवला तरी तपासणी ज्याचं पाणी आहे त्याने करावी, असं माझं आता पक्कं मत आहे. तीही रोज. रविवारी एकदा बघून भागत नाही, कारण जूनमधलं पाणी एका दुपारीत बिघडतं. संध्याकाळी सात वाजता इमारतीतली दोन मुलं नळी घेऊन येतात, रंग बघतात आणि वहीत आकडा लिहितात. शेजारच्या रकान्यात सकाळचा आकडा त्याने लिहिलेला असतो. दोन आकडे जुळले नाहीत तर मुलं त्याला विचारायला धावतात. मुलं त्याला भैया म्हणत नाहीत, मास्टरजी म्हणतात. हे मी सुचवलेलं नाही.

डिसेंबर आहे. धुकं इतकं दाट की काठावरून पलीकडचा काठ दिसत नाही. तलाव झाकलेला आहे, आच्छादनाखाली पाणी काळसर, स्थिर. गळ्याला मफलर गुंडाळून मी खाली उतरते तेव्हा तो आलेला असतो. पंपरूमच्या दाराबाहेरचं बटण दाबतो. पंखा घुमायला लागतो. दार उघडून तो लगेच आत जात नाही. तोंडाला मास्क लावून, पाठ भिंतीला टेकून तो बाहेरच उभा राहतो, पाच मिनिटं, घड्याळ बघून. मीही त्याच्या शेजारी उभी राहते.